जुन्या वृत्तपत्रांत एका नावाचा माग कसा काढावा

जुन्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत एखाद्या व्यक्तीचा शोध घ्यायचा असेल, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. आज आपण तिला ज्या नावाने ओळखतो, ते नाव त्या काळच्या छापील पानावर असेलच असे नाही. बहुतेक शोध फसतात ते इथेच. संगणकात नाव टाकले, काही आले नाही, म्हणजे 'उल्लेख नाही' असे ठरवून लोक मोकळे होतात. उल्लेख असतो. तो वेगळ्या नावाने, वेगळ्या लेखनात किंवा दुसऱ्याच कोणाच्या नावाखाली असतो.

उदाहरण डॉ. रखमाबाई राऊत यांचे घेऊ. जन्म १८६४, मृत्यू १९५५. बालपणी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, या त्यांच्या भूमिकेवरून १८८४ ते १८८८ या काळात मुंबईच्या उच्च न्यायालयात 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' हा खटला गाजला. पुढे त्या लंडनला वैद्यकी शिकल्या आणि परत येऊन सुरत व राजकोट इथे त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. शोधाची पद्धत समजून घ्यायला हे नाव फार उपयोगी आहे, कारण अडचणींचे जवळपास सगळे प्रकार यात एकत्र सापडतात.

आधी नावाचा तक्ता

ग्रंथालयात जाण्यापूर्वी किंवा एखादे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. त्या व्यक्तीला त्या काळी ज्या ज्या प्रकारे लिहिले गेले असेल, ते सगळे त्यावर उतरवा. वहीचे एक पान सहज भरते.

पहिला प्रश्न आडनावाचा. एकोणिसाव्या शतकात नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लिहिण्याची रीत सर्रास होती. रखमाबाईंचे सावत्र वडील त्या काळच्या मजकुरात 'डॉ. सखाराम अर्जुन' म्हणून येतात. जन्मदाते वडील 'जनार्दन पांडुरंग' आणि पती 'दादाजी भिकाजी', तिथेही आडनाव नाही. खुद्द रखमाबाईंचा उल्लेख खटल्याच्या कागदपत्रांत नुसता 'रखमाबाई' असा आहे. त्यामुळे 'राऊत' हा शब्द धरून १८८५ सालचे अंक शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वडिलांचे नाव माहीत नसेल तर ते आधी मिळवा. जुन्या मजकुरात आडनावापेक्षा तेच जास्त उपयोगी पडते.

स्त्रियांच्या नावाला आणखी दोन पदर असतात. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि बदललेले पहिले नाव, अशा तिन्ही रूपांत शोध घ्यावा लागतो. शिवाय नाव मुळीच न छापता 'अमक्यांचे कुटुंब', 'अमक्यांची कन्या' एवढ्यावरच भागवलेले असते. म्हणून वडील, नवरा, भाऊ, सासरा यांची नावेही तक्त्यात हवीत. रखमाबाईंच्या बाबतीत 'दादाजी' हे नाव फार महत्त्वाचे. फिर्यादी तो, म्हणून खटल्याचा मथळा त्याच्या नावाने सुरू होतो आणि कित्येक ठिकाणी मथळ्यात तेवढेच असते.

नावाआधीची बिरुदेही लिहून ठेवा: रा. रा. (राजमान्य राजश्री), रा. सा. (रावसाहेब), रा. ब. (रावबहादूर), वे. शा. सं. (वेदशास्त्रसंपन्न), ह. भ. प., मि., प्रो., सौ., गं. भा., कु., चि., कै. शोधताना ती गाळायची, पण वाचताना त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायचे. एखाद्या बाईंच्या नावामागे 'सौ.' जाऊन 'गं. भा.' आले की पतीच्या निधनाचा काळ दोन अंकांच्या मध्ये पकडता येतो. 'रा. सा.'चे 'रा. ब.' झाले की किताब वाढला, आणि त्या किताबाची तारीख सरकारी राजपत्रात मिळते. 'कै.' पहिल्यांदा कधी दिसले, हे तर निधनवार्ता हाती नसताना मोठाच आधार असते.

शेवटी टोपणनाव. रखमाबाईंची पहिली दोन पत्रे 'टाइम्स ऑफ इंडिया'त २६ जून १८८५ आणि १९ सप्टेंबर १८८५ रोजी आली, आणि दोन्हींखाली सही होती 'अ हिंदू लेडी'. नाव टाकून ती कधीच सापडणार नाहीत. अशा वेळी विषय आणि काळ धरून शोधायचे आणि टोपणनावामागची व्यक्ती कोण, हे सांगणारा नंतरचा उल्लेख वेगळा मिळवायचा. तो मिळेपर्यंत वहीत 'बहुधा' असा शेरा राहू द्या. मराठीत ही सवय खूप जुनी आहे. गोपाळ हरि देशमुखांची शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आली, ती 'लोकहितवादी' या नावाने. राम गणेश गडकऱ्यांची कविता शोधायची तर 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेख शोधायचे तर 'बाळकराम' पाहावे लागते. संपादकीय लेखांखाली तर सहसा सहीच नसे. अमुक साली अमुक संपादक होते म्हणून त्या वर्षाचे सगळे अग्रलेख त्यांच्या नावावर मांडणे ही नेहमीची चूक आहे.

मराठी लेखनाचे फरक

शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे. त्याआधीचा मजकूर शोधायचा तर लेखनही त्या काळचेच वापरावे लागते. 'नाव' ऐवजी 'नांव', 'गाव' ऐवजी 'गांव', 'काही' ऐवजी 'कांहीं', 'त्यांनी' ऐवजी 'त्यांनीं'. व्यक्तिनामांत मुख्य फरक शेवटच्या इकार-उकाराचा: 'विष्णू' नव्हे, 'विष्णु', 'हरी' नव्हे, 'हरि', 'शंभू' नव्हे, 'शंभु'. रखमाबाईंसाठी रखमाबाई, रखमाबाइ, रख्माबाई, रखुमाबाई, रुखमाबाई, रुक्माबाई अशी सगळी रूपे तक्त्यात घ्या.

विभक्तीचा घोळ मात्र जुन्याइतकाच आजच्या मजकुरातही आहे. 'गोखले' असे टाकले की 'गोखल्यांनी', 'गोखल्यांचे', 'गोखल्यांस' हे सगळे निसटते. फडके–फडक्यांनी, रानडे–रानड्यांचे, साठे–साठ्यांकडे यांचेही तसेच. एकारान्त आडनावांचा शेवट सामान्यरूपात बदलतो, म्हणून 'गोखल', 'फडक', 'रानड' एवढाच भाग टाकून शोधा. जिथे शब्दाचा तुकडा शोधायची सोय नाही, तिथे निदान 'गोखले' आणि 'गोखल्यां' असे दोन वेगळे शोध घ्यायलाच हवेत. गावांच्या नावांचेही हेच: पुणे–पुण्यास, ठाणे–ठाण्याचे.

'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेली नावे, म्हणजे कऱ्हाडकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे यांसारखी, संगणकावर दोन प्रकारे टंकली जातात. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही प्रकार करून पाहा. जुन्या टंकलिखित सूचींत तिसरा प्रकारही आढळतो: 'क-हाडकर', मध्ये चक्क आडवी रेघ.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातली काही नियतकालिके चाळताना 'अि, अी, अु, अे' अशी स्वरांची सुधारलेली लिपी समोर येते. तिथे इंदिरा 'अिंदिरा' होते, उमा 'अुमा' आणि एकनाथ 'अेकनाथ'. नाव स्वराने सुरू होत असेल तर हे रूप विसरू नका. वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत असे नाव सरळ 'अ'खाली जाऊन बसते.

इंग्रजी आणि पोर्तुगीज लेखन

रखमाबाईंचे नाव इंग्रजीत दोन मुख्य प्रकारे येते: आर-यू-के-एच असे सुरू होणारे आणि आर-ए-के-एच असे सुरू होणारे. मधला एच गळालेला असू शकतो, आणि शेवटचे 'बाई' कधी तुटून वेगळा शब्द होते. 'चिपळूणकर'मधला 'ळू' यू ने लिहितात तसा दोन ओंनीही. 'फुले' पी-एचने, एफने, यू ने, दोन ओंनी. 'ज्ञान' हा शब्द डी-एन, जे-एन आणि जी-वाय अशा तिन्ही प्रकारे लिहिला जातो. 'ज्ञानप्रकाश' आणि 'ज्ञानोदय' यांचे अंक अभिलेखागारात शोधताना याच एका गोष्टीपायी निम्मे अंक नजरेआड राहतात. सरकारी अहवालांत तर 'प्रकाश'मधल्या 'का'च्या इंग्रजी ए वर तिरपी रेघ देऊन लिहिण्याची पद्धत होती आणि यंत्रवाचनात, म्हणजे स्कॅन केलेले पान संगणक वाचतो तेव्हा, ते अक्षर हमखास बिघडते.

गोव्यातल्या माणसाचा शोध असेल तर पोर्तुगीज वळण माहीत हवे. कामत तिथे 'कामोतिम' होतात, प्रभू 'पोरोबो', पै 'पोय', शेणवी 'सिनाय', आणि नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई लागते. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वृत्तपत्रे आहेत. मराठीत नाव मिळाले नाही म्हणून तिथला शोध सोडू नका.

यंत्राने केलेले वाचन

स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर यंत्र अंदाजाने वाचते, आणि शोध त्या अंदाजातच होतो. पानावर काय छापले आहे याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. जुन्या देवनागरी छपाईत 'ख' हे अक्षर 'र' आणि 'व' जवळजवळ ठेवल्यासारखे दिसते, म्हणून यंत्र 'रखमाबाई'चे 'ररवमाबाई' करून ठेवते. नावात 'ख' असेल तर 'रव' घालून एक शोध घ्याच. याच जातीच्या इतर जोड्या: घ–ध, भ–म, ब–व, ड–इ, थ–य. शिरोरेघ तुटली की अक्षर बदलते, आणि अनुस्वाराचा ठिपका तर सर्वांत आधी जातो.

इंग्रजीत मोठ्या आर चे ई किंवा के होणे आणि बी चे एच होणे नेहमीचे. म्हणून जिथे एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा शब्दाच्या शेपटीला तारका चालते, तिथे पहिले अक्षर मोकळे सोडा आणि मधला भाग पक्का ठेवा. जिथे ते चालत नाही, तिथे नाव सोडून त्याच्या शेजारचे शब्द धरा: 'दादाजी', 'बालविवाह', न्यायाधीशांचे नाव. न्या. पिन्ही आणि न्या. फॅरन ही दोन नावे या खटल्याच्या शोधासाठी उत्तम खुणा आहेत, कारण त्यांचे लेखन फारसे बदलत नाही.

'इंटरनेट आर्काइव्ह' या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीखाली नुसत्या नोंदींतला (शीर्षक, लेखक, साल यांतला) शोध आणि पूर्ण मजकुरातला शोध असे पर्याय असतात. मूळ निवड नोंदींची असते, ती बदला. तिथल्या पुष्कळ जुन्या मराठी स्कॅनवर यंत्रवाचन झालेलेच नाही. अशा अंकांत शोध शून्य येणारच. ती पाने उलटूनच पाहावी लागतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेल्या स्कॅनची शीर्षके रोमन लिपीत, विचित्र चिन्हांसह टंकलेली असतात. तिथे शीर्षकाऐवजी साल आणि भाषा यांवर गाळून यादी काढावी.

तारखेचे गणित

नाव हाताशी नसले तरी तारीख असेल तर काम निभते. म्हणून तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला त्या व्यक्तीच्या पक्क्या तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेला कोणते अंक पाहायचे, ते आधीच काढून ठेवा.

न्या. पिन्ही यांचा निकाल २१ सप्टेंबर १८८५ चा, वार सोमवार. 'केसरी' त्या वेळी साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. दुसऱ्याच दिवशीच्या, २२ तारखेच्या अंकाचे खिळे निकालाआधीच जुळून झाले असण्याची शक्यता मोठी. फार तर ओळीदोन ओळींची बातमी. खरी चर्चा २९ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबरच्या अंकांत पाहावी. न्या. फॅरन यांचा हुकूम ४ मार्च १८८७ चा, शुक्रवारचा. तिथे पहिला अंक ८ मार्चचा. साप्ताहिकासाठी घटनेनंतरचे निदान चार अंक पाहा आणि मासिकासाठी तीन महिने. मासिके उशिरा निघत आणि मुखपृष्ठावर मात्र ठरलेलाच महिना छापत. रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ ला झाले, त्या दिवशी रविवार होता. दैनिकांचा काळ असल्याने २६ पासून २८ पर्यंतचे अंक आधी पाहायचे, मग पुढच्या रविवारच्या पुरवण्या.

परदेशी डाकेचा वेळही धरावा लागतो. १८८०च्या दशकात लंडनहून मुंबईला टपाल यायला साधारण तीन आठवडे लागत. तार मात्र लगेच पोहोचे. रखमाबाईंचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ९ एप्रिल १८८७ ला छापले गेले. त्यावरची मुंबई-पुण्याची सविस्तर प्रतिक्रिया एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत शोधायची, आणि तिला लंडनमध्ये कोणी उत्तर दिले असेल तर ते जूनमध्ये.

जुन्या मासिकांवर बऱ्याचदा फक्त शके आणि मराठी महिना असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८०८ च्या माघातला अंक १८८७ चा, १८८६ चा नव्हे. वर्षाची ही चूक छापील सूचींमध्येही शिरलेली असते, म्हणून सूचीतल्या सालाच्या मागचे-पुढचे एकेक वर्ष तपासून घ्या. सुरत-राजकोटकडची गुजराती पत्रे पाहायची तर तिथले विक्रम संवत कार्तिकात बदलते: कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनअखेर ५६ वजा. अंकावरचे 'पुस्तक' म्हणजे खंड. खंडाचे वर्ष जानेवारीतच सुरू होते असे नाही.

कुठे काय पाहावे

सुरुवात सूचींपासून करा. शं. ग. दाते यांच्या नावाने ओळखली जाणारी मराठी नियतकालिकांची सूची १८०० ते १९५० या काळासाठी आहे. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात ती मागितली की मिळते. मासिकांतल्या लेखांसाठी ती अमोल आहे; दैनिकांतल्या बातम्यांसाठी तिचा उपयोग नाही. मासिकांच्या बांधीव खंडांना स्वतःची वार्षिक अनुक्रमणिका असते, कधी पहिल्या अंकाआधी, कधी शेवटच्या अंकानंतर. बांधणी करताना ती गाळली गेली असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातला तोच खंड पाहा.

एकोणिसाव्या शतकासाठी सर्वांत मोठा आडवाटेचा रस्ता म्हणजे मुंबई इलाख्याच्या सरकारने देशी वृत्तपत्रांवर तयार करून घेतलेले साप्ताहिक अहवाल. कोणत्या पत्राने कोणत्या तारखेला काय लिहिले, याचा इंग्रजी गोषवारा त्यांत असतो. जी पत्रे आज एकही अंक न उरता नष्ट झाली आहेत, त्यांचा मजकूर पुष्कळदा फक्त इथेच शिल्लक आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी करा. गोषवारा सरकारी अनुवादकाने सरकारच्या गरजेपुरता केलेला असतो, तेव्हा मूळ अंक उपलब्ध असेल तर तो पाहिल्याशिवाय त्यातले वाक्य त्या पत्राचे म्हणून उद्धृत करू नये.

छापील अंकांसाठी पुण्यात केसरीवाड्यातले केसरी-मराठा ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मुंबईत दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय. एकाच ठिकाणी संपूर्ण संच क्वचितच असतो. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवून नेमकी वर्षे विचारा. 'केसरी आहे का?' या प्रश्नाला 'आहे' असे उत्तर येते आणि गेल्यावर कळते की नेमके हवे ते वर्ष बांधणीला गेले आहे.

इंग्रजीसाठी 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीच्या डिजिटल संग्रहात आहेत. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून ते वापरता येतात. रखमाबाईंसारखे प्रकरण परदेशात गाजलेले असेल तर ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह, आणि त्याहून सोयीचे म्हणजे ऑस्ट्रेलियाचे 'ट्रोव्ह' व न्यूझीलंडचे 'पेपर्स पास्ट' ही जुन्या वृत्तपत्रांची संकेतस्थळे पाहा. ही शेवटची दोन्ही फुकट आहेत. लंडनच्या पत्रांतला मजकूर उचलून छापण्याची तिकडे पद्धत होती, त्यामुळे पैसे भरून पाहायची बातमी कित्येकदा तिथे तशीच्या तशी मिळते.

कोर्टाशी संबंध असलेल्या नावासाठी विधिअहवाल, म्हणजे न्यायालयीन निकालांचे छापील खंड, विसरू नका. या खटल्याचे निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत खंड ९, पान ५२९ आणि खंड १०, पान ३०१ वर आहेत. तिथून वकिलांची नावे मिळतात, आणि मग त्या वकिलांच्या नावांनी वृत्तपत्रांत पुन्हा शोध घेता येतो.

एकाच बाजूच्या पत्रावर थांबू नका. रखमाबाई प्रकरणात 'केसरी' आणि 'मराठा' एका बाजूला, बेहरामजी मलबारींचा 'इंडियन स्पेक्टेटर' दुसऱ्या बाजूला. तोच दिवस, तीच घटना, आणि नावाचा उल्लेख मात्र वेगळा. 'इंदुप्रकाश'सारख्या द्वैभाषिक पत्रांत मराठी आणि इंग्रजी रकाने एकमेकांचे अनुवाद नसतात, दोन्ही वाचा.

अंक हातात आल्यावर

अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायची गरज नसते, पण नुसते मथळे पाहूनही भागत नाही. व्यक्तींची नावे जिथे दडलेली असतात त्या जागा ठरलेल्या आहेत: स्फुट सूचना, पत्रव्यवहार, वर्तमानसार, पोच व अभिप्राय, जाहीर नोटिसा, परीक्षांचे निकाल, सभांचे वृत्तान्त आणि फंडांच्या वर्गणीदारांच्या याद्या. वर्गणीच्या यादीकडे कोणी पाहत नाही, आणि तिथेच नाव, गाव आणि रक्कम एका ओळीत मिळते. सभेच्या वृत्तान्ताच्या शेवटी उपस्थितांची नावे बारीक टाइपात असतात, ती बोट ठेवून वाचा.

वेळेचा अंदाज आधीच बांधा. साप्ताहिकाच्या एका अंकाला दहा ते पंधरा मिनिटे धरली तर वर्षाच्या ५२ अंकांना नऊ ते तेरा तास लागतात. वाचनालयाची वेळ, खंड काढून आणण्यातला वेळ आणि डोळ्यांचा थकवा धरला तर एका वर्षाला दोन-तीन दिवस. म्हणून आधी तारखांचे गणित, मग चाळणी.

जुना कागद घडीच्या जागी मोडतो. पान वरच्या कोपऱ्यातून, तळहाताचा आधार देऊन उलटा. खुणेसाठी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या वापरा. चिकट चिठ्ठ्या काढताना छपाईचा थर निघून येतो. शाईचे पेन टेबलावर ठेवूच नका. छायाचित्राची परवानगी असेल तर फ्लॅश बंद करून तीन चित्रे घ्या: आधी अंकाचे शीर्ष आणि तारीख, मग पूर्ण पान, मग तो रकाना. नुसत्या कात्रणाचे चित्र घेतले की सहा महिन्यांनी ते कोणत्या अंकातले हे सांगता येत नाही आणि सगळे काम वाया जाते.

सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) वाचताना पट उलटा गुंडाळलेला नाही ना, आणि अंक क्रमाने आहेत ना, ते आधी पाहा. चित्रण करताना गहाळ अंकाच्या जागी सूचना देणारी चौकट घातलेली असते. ती दिसली तर वहीत लिहा.

ती हीच व्यक्ती का?

नाव सापडले म्हणजे माणूस सापडला असे नाही. रखमाबाई हे नाव घरोघर होते. आणि त्याच दशकात, त्याच सुधारणांच्या बातम्यांत पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे या दोघी आहेत. इंग्रजीत एक-दोन अक्षरे पुसट झाली की तिघींची सरमिसळ होते. इथे तारखा सोडवणूक करतात: पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये अमेरिकेला, आणि १८८९ मध्ये परतल्या. १८८७ साली मुंबईच्या कोर्टात हजर असलेली स्त्री त्या असणे शक्य नाही.

नियम असा ठेवा: नावाखेरीज निदान दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या पाहिजेत. गाव, व्यवसाय, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, संस्था, यांपैकी कोणत्याही दोन. एकच जुळली तर नोंद ठेवा, पण 'संशयित' या खुणेने. आणि एका पत्राने दुसऱ्याची बातमी उचलली असेल तर ते दोन पुरावे नव्हेत, एकच. शब्दरचना सारखी आली की ताबडतोब ओळखावे.

नोंदवही

प्रत्येक नोंदीत हे सगळे हवे: पत्राचे नाव, छापलेली तारीख जशी आहे तशी, तिची इसवी तारीख, पुस्तक व अंक, पान, रकाना, सदराचा मथळा, नाव जसे छापले आहे त्याच लेखनात, मजकूर, कुठल्या ग्रंथालयात पाहिले, खंडाचा दाखल क्रमांक किंवा पटाचा क्रमांक, आणि चित्राच्या फाइलचे नाव. फाइलला नाव देताना तारीख आधी ठेवा: '१८८५-०९-२९ केसरी पान ३ रकाना २'. फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

उतरवून घेताना जुने लेखन सुधारू नका. 'नांव' लिहिले असेल तर 'नांव'च. छपाईची चूक असली तरी तशीच ठेवा आणि शेजारी चौकटी कंसात आपला शेरा द्या. पुढचा शोध घ्यायला तेच चुकीचे रूप उपयोगी पडते, म्हणून ते नावाच्या तक्त्यातही चढवा. तक्ता शेवटपर्यंत वाढत राहतो, आणि नवे रूप मिळाले की आधी पाहिलेल्या संग्रहांत त्या रूपाने पुन्हा शोध घ्यावा लागतो. म्हणून कोणत्या संग्रहात कोणत्या तारखेला कोणती रूपे टाकून पाहिली, त्याची यादी वेगळ्या पानावर ठेवा.

काही न सापडलेल्या अंकांची नोंदही तितकीच काळजीने करा, आणि तिचे चार प्रकार वेगळे ठेवा: (१) अंक पूर्ण पाहिला, उल्लेख नाही; (२) अंक पाहिला, पण अमुक पान फाटलेले; (३) अंक संग्रहात नाही; (४) फक्त यंत्रशोध केला, पान डोळ्यांनी पाहिले नाही. यांतल्या फक्त पहिल्या प्रकारावरून 'या पत्राने बातमी दिली नाही' असे म्हणता येते. बाकीच्या तिन्हींसाठी दुसरे ग्रंथालय गाठायचे असते, आणि कुठले अंक मागायचे याची यादी तुमच्या वहीतच तयार असते.